मातीची अंडी

भीमाबाईंच्या आणि माझ्या परसामधल्या भिंतीतली एक वीट निखळलेली होती. त्या भोकातून डोकावणं मला शोभणारं नव्हतं. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची, पोरींना रोज चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायची. पण १९७३ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, आमच्या सगळ्या इंदोरा वस्तीत उन्हाची लू चालली होती, आणि भिंतीपलीकडचा आवाज काही केल्या झोपू देत नव्हता.

भीमाबाई तेव्हा साठीच्या. बावीस वर्षं कापड गिरणीत सुताच्या लडी गुंडाळत उभ्या राहिलेल्या. यंत्रांच्या खडखडाटानं कान गेले होते, त्यामुळे साधं बोलल्या तरी भांडल्यासारखं वाटायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली त्याच संध्याकाळी घरातले देव टोपलीत घालून त्या नाग नदीत सोडून आल्या. तेव्हापासून गंडा नाही, दोरा नाही, लिंबू नाही. घरात मुलगा रवींद्र, सून प्रेमिला आणि परसात पाच कोंबड्या.

प्रेमिलाला सहावा महिना होता. आदल्या वर्षी तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, आणि या खेपेलाही तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. जिना चढताना धापा टाकायची. भीमाबाई तिला पाण्याची बादली उचलू देत नसत. "एवढं एक पोर जितं हाती लागू दे," एवढंच त्या म्हणायच्या.

अशा दिवसांत त्यांची काळी कोंबडी स्वतःची अंडी खाऊ लागली. ती प्रेमिलाच्या माहेरून, सावनेरहून आली होती. मी भोकातून पाहिलं ते अजून विसरले नाही. अंडं घालून ती उठली, वळली, त्याच्याकडे मान वाकडी करून पाहत राहिली आणि टोचलं. एकदा, दोनदा. मग चोचीवर पिवळा बलक घेऊन शांतपणे माझ्याकडे, म्हणजे त्या भोकाकडे, पाहिलं. मी मागे सरले. कोंबडीला घाबरले हे कबूल करायला मला लाज वाटते.

समोरच्या सुभद्राला हे कळायला वेळ लागला नाही. ती भीमाबाईंच्या ओट्यावर येऊन आम्हा दोघींना म्हणाली, "पोटुशी बाई घरात आन् कोंबडी सोताचे अंडे खाऊन राहिली. हे बरं लक्षण नाही. कापून टाका तिले." मग आवाज खाली आणून, भीमाबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाली, "दोघी एकाच घरच्या आहेत ना वं, बाई. हिनंबी मागल्या साली एक खाल्लंच."

माझं डोकं भडकलं. मी तिला चांगलंच सुनावलं. पण तिचं बोलणं माझ्या मनातून गेलं नाही, हेही खरं.

निघता निघता सुभद्रानं एक उपायही सांगितला. रिकाम्या अंड्यात तिखट भरून ठेवायचं, कोंबडीची खोड मोडते म्हणे. भीमाबाईंचा चेहरा एकदम उतरला. "तिखट नाही," त्या म्हणाल्या. "तो उपाय म्या एकदा केला आहे." कोणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

गुरांच्या दवाखान्यात रामाजी कंपाउंडर होते, त्यांना भीमाबाईंनी बोलावून आणलं. रामाजींनी कोंबडी हातात घेतली, फुटकं कवच बोटात चुरगाळून पाहिलं. "कोंबडी वाईट नाही, भीमाबाई. तिच्या अंगात चुना कमी पडून राहिला. पोटात जे नाही, ते जीव शोधत फिरते. शिंपले भाजा, बारीक कुटा, दाण्यात द्या. गुण यायले महिना लागन. तवर टोपल्यात खोटे अंडे ठेवा. टोचून चोच दुखली का सोडते."

भीमाबाईंनी इतवारी बाजारातून पांढरी माती आणली, भिंती पोततात ती. ओली करून तिची चार अंडी वळली आणि गच्चीवर वाळवली. इतकी हुबेहूब की हातात घेतल्याशिवाय कळू नये. प्रेमिला दारात उभी राहून ते वळणं पाहत होती.

दुसऱ्याच दुपारी तो आवाज सुरू झाला. कुटूर, कुटूर. थांबून पुन्हा कुटूर. खुराड्याच्या बाजूनं येत होता. मला वाटलं, काळी टोचते आहे. भोकाला डोळा लावला, तर पाचही कोंबड्या लिंबाखाली चोची उघड्या टाकून पडल्या होत्या. काळीसुद्धा. परसात माणूस नव्हतं. खुराड्यामागची बाजू भोकातून दिसत नव्हती, आणि आवाज तिथूनच येत होता.

संध्याकाळी टोपल्यात तीनच अंडी होती. पुढच्या दिवशी दोन, आणि त्यातल्या एकाचा टवका उडालेला. भीमाबाईंनी ते भिंतीवरून माझ्या हातात दिलं. "बाई, तुम्ही शिकेल आहा. हे चोचीचं आहे काय?"

चोचीचं नव्हतं. मातीत दातांचे ठसे होते, समोरचे चार, ओळीनं. बारीक, माणसाचे. भीमाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि देव नदीत सोडून आलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली. "पोराच्या मागं काही लागलं तं नाही ना वं?" त्या म्हणाल्या. मी ते अंडं त्यांच्या हातात परत ठेवलं.

भीतीनं माणूस नको तेच करतो. त्या रात्री त्यांनी उरलेल्या दोन्ही अंड्यांना तिखटाचा हात फिरवला.

दुसऱ्या दुपारी कुटूर एकदाच वाजलं आणि थांबलं. मग नळ सुटल्याचा आवाज. पाणी वाहत राहिलं. मी पाहिलं तर नळाखाली प्रेमिला ओणवी बसली होती, चूळ भरत होती, थुंकत होती, पुन्हा भरत होती. ओठ सुजून लाल. दारात भीमाबाई उभ्या होत्या.

"राहवत नाही, आई," प्रेमिला रडत म्हणाली. "त्या मातीचा वास येते आन् जीव जाते माझा."

मला वाटलं, आता भीमाबाई ओरडतील. त्या खाली बसल्या. तिचं तोंड पदरानं पुसलं, घरातून गूळ आणून तिच्या जिभेवर ठेवला. मग माझ्या भोकाकडे न पाहताच मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, रिक्षा बोलवा. दवाखान्यात नेतो हिले."

रिक्षात मधे प्रेमिला, दोन्ही बाजूंना आम्ही. तिथं भीमाबाई एकसारख्या बोलत होत्या. त्यांची मुलगी जयवंता एकसष्ट साली पहिल्या बाळंतपणाला आली होती. तेव्हा घर मातीचं. ती भिंत कोरून कोरून खायची. शेजारी हसायचे. "म्या भितीले तिखट फासलं. पोरीचं तोंड सोललं, पर रडली नाही. मंग तिनं खाणं सोडलं. मले वाटलं, जमलं." जयवंता बाळंतपणात गेली, मूलही गेलं. अंगात रक्तच नव्हतं, असं सुईण म्हणाली होती. "कोंबडीले काय कमी पडलं ते विचाराले मी रामाजीकडे गेली. माह्या पोरीचं मले काहून नाही सुचलं?"

दवाखान्यातल्या नर्सनं प्रेमिलाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि आधी आम्हा दोघींनाच झापलं. रक्त नुसतं पाणी झालं होतं. इंजेक्शनं, गोळ्या, पालेभाजी. पाचही कोंबड्यांचं प्रत्येक अंडं पडल्या पडल्या उचललं जाऊन प्रेमिलाच्या ताटात जाऊ लागलं. शिंपल्यांची पूड खाऊन काळीनं महिन्याभरात खोड सोडली. ऑगस्टच्या शेवटी प्रेमिलाला मुलगी झाली, पाच पौंडांची, लालबुंद, गल्ली डोक्यावर घेणारी. सुभद्रा अंगडं घेऊन आली. मी तिच्याशी बोलले नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या सुट्टीत, मी दुपारी पडले होते. बाळ झोपलेलं होतं, पाळण्याची दोरी कुरकुरत होती. आणि पुन्हा तो आवाज आला. कुटूर, कुटूर.

मी ताडकन उठले. अनवाणीच धावले आणि भोकाला डोळा लावला. प्रेमिला पाळण्याशी बसलेली मला दारातून स्पष्ट दिसत होती. आवाज खुराड्यापुढून येत होता.

तिथं भीमाबाई बसल्या होत्या. हातात उरलेलं एक मातीचं अंडं, तिखटानं अजून लाल. त्या ते दातांनी फोडून सावकाश चावत होत्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. काळी कोंबडी समोर उभी राहून मान वाकडी करून पाहत होती.

"भीमाबाई, काय करता हे?" मी ओरडले.

त्यांना ऐकू गेलं की माझी चाहूल लागली, कोण जाणे. त्यांनी भोकाकडे पाहिलं.

"जयवंताले कितीक लागलं असन," त्या म्हणाल्या, "ते पाहून राहिली, बाई."

आणि त्यांनी दुसरा घास घेतला.