तिथीची पाऊणपट

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो आणि राहायला पेणला. कंपनीत इंटरनेट आलं ते साहेबांच्या ई-मेलसाठी. साहेबांना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे त्या संगणकापुढे बसायचं काम माझ्याकडे आलं. तिथेच मला विज्ञानावर गप्पा मारणाऱ्या मराठी माणसांचा एक गट सापडला. कुणी मुंबईचं, कुणी नागपूरचं, कुणी थेट अमेरिकेतलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, एकाने प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. दही आंबट का होतं इथपासून विश्वाला कड आहे का इथपर्यंत काहीही चालायचं. मला ते इतकं आवडलं की शिफ्ट संपल्यावर तासभर थांबायला लागलो आणि घरी काम वाढल्याचं सांगायला लागलो.

पुढे गट सुरू करणाऱ्या गृहस्थांनी मला मॉडरेटर केलं. म्हणजे गटावर येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे यायचं. मी मंजूर केलं तर सगळ्यांना जायचं, नाहीतर तिथेच राहायचं. माझं नाव कुठे दिसत नसे, उत्तराखाली नुसतं 'मॉडरेटर' असे. कंपनीच्या फोनवर हे चाललेलं, म्हणून मीही कुणाला बोललो नव्हतो. लॅबमध्ये माझ्या प्रत्येक कागदावर वरच्याची सही लागायची. इथे माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते चढलं.

त्यात एक प्रकरण झालं. एक ज्योतिषी महाशय गटात घुसले आणि ग्रहांच्या युतीवरून भूकंप कधी होणार ते सांगू लागले. मी त्यांना चार खरमरीत ओळी लिहून गटाबाहेर काढलं. सगळ्यांनी वाहवा केली. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियमच केला, की पत्रात तिथी, नक्षत्र, रास असलं काही दिसलं की पुढे वाचायचंच नाही. पत्र थेट कचऱ्याच्या फोल्डरमध्ये, आणि लिहिणाऱ्याला एक टोमणा. टोमणे मला चांगले जमायचे. त्यासाठी लोक माझ्या उत्तरांची वाट बघतात, असंही मला वाटायचं.

रविवारी कंपनी बंद, म्हणून गटाच्या रविवारच्या, थेट पडद्यावर चालणाऱ्या गप्पांना मी पेणमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जायचो. खाली गणपतीचा कारखाना, वर क्लास. जिना चढताना शाडूचा ओला वास यायचा आणि वर पोचेपर्यंत चपलांना पांढरी माती लागलेली असायची. क्लासमध्ये शिकवायला एक मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची, वडखळच्या पलीकडे खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावातली. वडील मिठागरात कामाला आणि थोडी खारातली, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या जमिनीतली, भातशेती. एकाच फोनच्या लाइनवर दोन संगणक चालवायची खटपट तिनेच पुस्तकं वाचून केली होती. क्लासच्या मालकाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती मला सर म्हणायची. एकदा माझ्या पडद्याकडे बघून तिने विचारलं, हे काय असतं. मी तिला गट दाखवला, सभासद कसं व्हायचं ते सांगितलं. मॉडरेटर मीच आहे हे मात्र सांगितलं नाही. तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं.

ज्येष्ठ महिन्यात गटावर एक नवं पत्र आलं. पत्ता कसलासा आकडे जोडलेला, ओळख पटण्यासारखा नाही. पहिलीच ओळ अशी, की आमच्या खाडीत तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दुसऱ्या ओळीत अमावस्या होती. मी तिथेच थांबलो. उत्तर लिहिलं, 'हा विज्ञानाचा गट आहे, पंचांगाचा नाही. मुहूर्त काढायचा असेल तर जवळच्या जोशीबुवांना गाठा.' पत्र कचऱ्यात टाकलं आणि पाच चाळीसची गाडी पकडायला पळालो.

आता याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. हा पाऊणपटीचा हिशेब मला माहीत होता. आमच्या दारावर येणारी कोळीण दर पंधरवड्याला सांगायची, आज अष्टमी, भांगाचं पाणी हाय, चढत नाय, म्हावरं नाय गावायचं, परवाच्याला येते. आणि म्हणाली तशी यायची. चंद्राप्रमाणे समुद्र चढतो-उतरतो आणि तिथी म्हणजे चंद्राचंच मोजमाप, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. पंचमीची पाऊणपट म्हणजे पावणेचार, त्या सुमाराला भरती. घड्याळ नसलेल्या माणसांनी बसवलेलं साधं, चोख गणित. मी पायजम्यात दारात उभा असताना ते मला कळत होतं. संगणकापुढे बसलो की कळत नव्हतं.

त्या रविवारच्या गप्पांत मी ते पत्र चघळायला घेतलं. म्हटलं, या आठवड्यात एका विद्वानाने पंचांगातून समुद्र काढला आहे. सगळे हसले. म्हणजे पडद्यावर हसण्याच्या खुणा उमटल्या. एकाने विचारलं, त्याने लाटांची पत्रिका जुळवली का? मी त्यावर आणखी दोन फोडण्या दिल्या. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या संगणकावर ती मुलगी बसलेली होती. नेहमीसारखी टकटक ऐकू येत नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, काम नसेल.

पावसाळ्याचे दोन महिने तसेच गेले. पिठोरी अमावस्येच्या उधाणानंतरच्या रविवारी मी क्लासला गेलो तर ती नव्हती. खाली कारखान्यातून गणपती टेम्पोत चढवले जात होते. मालक म्हणाला, तिच्या गावच्या बांधाला खांड पडली, खाडी आत शिरली, शेतं पाण्याखाली आहेत. पुढच्या आठवड्यात ती आली. मी बरंवाईट विचारलं. लावणी झालेलं सगळं भात गेलं होतं, आणि एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड काही येत नाही, हे तिने शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "सर, मी विचारलं होतं हो. तुम्ही दाखवलेल्या त्या गटात. ते म्हणाले, जोशीबुवांकडे जा. मलाच नीट लिहिता आलं नाय."

त्या दिवशी मी गट न उघडताच घरी गेलो.

सोमवारी रोह्याला पोचल्यावर आधी ते पत्र कचऱ्यातून काढलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलं होतं, की माझे वडील मिठागरात आहेत आणि तळ्यात पाणी घ्यायची वेळ चुकू नये म्हणून रोज भरतीची वेळ वहीत लिहितात. उघाडीच्या दगडावर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या दगडावर, पाणी कुठवर चढलं तेही लिहितात. अशा सोळा वर्षांच्या वह्या घरात आहेत. सुरुवातीची सगळी वर्षं पाऊणपट बरोबर येत होती. गेली तीन वर्षं भरती हिशेबाच्या आधी येते आणि उधाणाला पाणी जुन्या खुणेच्या वर वीतभर जातं. असं का व्हावं? खाली तिथी, हिशेबाची वेळ, खरी वेळ आणि पाण्याची उंची असा तक्ता होता. मी लॅबमध्ये आयुष्य काढलं, इतकी नीटनेटकी नोंद मी स्वतः कधी ठेवली नाही. आणि शेवटची ओळ होती, 'बांधावर माती टाकायचं काम याच महिन्यात आहे, तर तो किती उंच घ्यावा हे कुणी सांगेल का?'

मला स्वतःची शिसारी आली. तरीही त्यानंतर मी जे केलं ते सरळ नव्हतंच. पत्र गटावर सोडलं आणि वर एक ओळ जोडली, 'तांत्रिक अडचणीमुळे हे पत्र राहून गेलं होतं.' तांत्रिक अडचण म्हणजे मी.

बंदरांच्या कामात नोकरी केलेले एक निवृत्त इंजिनिअर गटात होते. दोन दिवसांत त्यांचं उत्तर आलं. ते तक्त्यावर खूष होते. त्यांनी लिहिलं, की खाडीत कुठे तरी भराव पडले असणार आणि बोटींसाठी गाळ उपसला असणार. वाट खोल झाली म्हणून भरती लवकर येते, आणि पसरायला जागा उरली नाही म्हणून उंच चढते. पाऊणपट चुकली नाही, खाडी बदलली. बांध जुन्या खुणेपासून हातभर तरी वर घ्या.

तिने ते छापून घेतलं आणि मला म्हणाली, बाबांना तुम्ही समजावून सांगा, माझं त्यांना खरं वाटत नाय. मी टाळायचा प्रयत्न केला, पण किती टाळणार? वडखळला एसटीतून उतरून आम्ही चालत गेलो. बांधावरून चिखल तुडवत तिचे वडील पुढे, मागे मी, हातात तो कागद. खांड दहा-बारा पावलांची होती आणि तिच्यातून भरती-ओहोटीचं पाणी अजून येत-जात होतं. पलीकडे भाताचे पिवळे पडलेले चुडे आडवे झालेले. मी भराव, गाळ, पाण्याची वाट सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. सोळा वर्षं लिहिलेलं वाया गेलं नाही, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मला ते बघवेना. मग ते म्हणाले, "ह्या जेठात कललं असतं, तर बांद हातभर उचलला असता. मानसं व्हती, माती व्हती."

मी व्हय म्हणालो. हातातला कागद घडी करून त्यांना दिला. अनेकदा मी स्वतःला समजावलं आहे, की इंजिनिअरचं उत्तर वेळेवर आलं असतं तरी गावाने ऐकलं असतं कशावरून, आणि बांध टिकला असता कशावरून. पण माणसं होती आणि माती होती, हे त्या माणसाने मला तोंडावर सांगितलं आहे.

पुढच्या रविवारी ती क्लासमध्ये माझी वाटच बघत होती. गटाला आभाराचं पत्र पाठवायचं होतं. मी सांगते, तुम्ही टाइप करा, तुमची भाषा चांगली आहे, म्हणाली. मी तिच्या खुर्चीवर बसलो. ती उभी राहून सांगत होती आणि मी माझ्या बोटांनी लिहीत होतो. इंजिनिअर काकांचे आभार. बाबांचा सगळ्यांना नमस्कार. मॉडरेटर सरांनी इतकं जुनं पत्र शोधून काढलं, त्यांचे विशेष आभार, एवढं कोण करतं? मग जरा थांबली आणि म्हणाली, "आणि असं लिहा, की मी तेव्हा मॉडरेटर सरांवर फार रागावले होते, वाईटसाईट बोलले होते मनात. त्याची माफी मागते."

इथे बोलायला हवं होतं. मान वळवून एवढंच म्हणायचं होतं, की तो मीच. मी माफी हा शब्द टाइप केला आणि तिला विचारलं, अजून काही?

सोमवारी ते पत्र माझ्यापुढे मंजुरीला आलं. मंजूर करावं तर चारशे माणसांपुढे तिने माझी माफी मागायची आणि त्यांनी मला शाबासकी द्यायची. खरं लिहावं, तर तेवढी हिंमत नव्हती. मी ते तसंच ठेवलं. मंगळवारी ठेवलं, बुधवारी ठेवलं. तिचं पहिलं पत्र मी न वाचता अडवलं होतं. हे दुसरं मी स्वतः लिहिलेलं, तोंडपाठ होतं, तेही अडवलं.

ती क्लास सोडून लग्न होऊन जाईपर्यंत दर रविवारी मला विचारायची, सर, आलं का हो आपलं पत्र? मी तिच्या पडद्याकडे वाकून बघायचो, यादी वरपासून खालपर्यंत सरकवायचो, आणि म्हणायचो, अजून नाही गं, येईल.