क्लचची ढील

त्या दुष्काळात गावातली बहुतेक जनावरं चारा छावणीत होती आणि छावणीतलं दूध माझ्या मोटारसायकलवर. सकाळच्या धारा झाल्या की दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे, घाट चढायचा आणि ऊन तापायच्या आत सहकारी दूध संस्थेच्या दारात हजर व्हायचं. ही फेरी मला कुणी ओळखीवर दिलेली नव्हती. जीपवाल्यांशी भांडून, त्यांच्यापेक्षा कमी भाड्यात मी ती मिळवली होती.

एका सकाळी घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं. चाक काही पुढं ओढेना. जळका वास सुटला. उतरून, ढकलत वर आलो, तरी पोचलो तेव्हा ऊन कोवळंच होतं. पण संस्थेचा काटा बंद. मोजणारा आलेलाच नव्हता. तासाभरानं चेअरमन आले, त्यांनी झाकण उघडून नाक लावलं.

"आंबलंय. ने परत."

"तुमच्या दारात आंबलंय, चेअरमन."

"गाडी तुझी चढंना, अन् खापर आमच्यावर काऊन फोडतो रे? उद्यापासून जीप लावतो."

माझं डोकं फिरलं. पण ओरडून फेरी राहत नसते. दूध घालायला आलेल्या चारचौघांसमोर मी म्हणालो, "उद्या एक दिवस द्या. काटा उघडायच्या आत गाडीवर बसून आलो न्हाई, तर जीप लावा." एवढ्या लोकांत त्यांना नाही म्हणता येईना.

तसाच गाडी घेऊन नेकनूरच्या गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्यानं गाडी एकदा रेस केली आणि सांगितलं, "क्लचप्लेटा गेल्या. इंजिन खोलावं लागंल. परवा या."

"परवा माझी फेरी जीपवाल्याकडं असंल. क्लचचं लिव्हर दाबून बघितलं का तू?"

नव्हतं बघितलं. मी त्याच्या हातातला पाना घेतला आणि गाडीजवळ बसलो. लिव्हर दाबायला लागताक्षणीच घट्ट. जराही ढील नव्हती. आणि हे कोणी केलं होतं? मीच. छावणीच्या गर्दीत गाडी सारखी अर्ध्या क्लचवर चालवावी लागायची. गिअर अडखळला की मला वाटायचं, तार सैल झाली. मग तारेच्या नटाला द्यायचा एक आटा. दोन दिवसांनी आणखी एक. हातातली फेरी न सोडणारा माणूस मी, तारेलाही तसंच धरून बसलो होतो. तार कायम ताणलेली राहिली, की लिव्हर सोडलं तरी प्लेटा एकमेकींना पुरत्या धरत नाहीत. त्या घसरतात आणि इंजिन रिकामं ओरडतं.

नट ढिला केला. लिव्हरच्या फटीत एक नाणं जेमतेम बसेल एवढी तार सोडली, नट आवळला. मग ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन धप्पकन बंद पडलं. म्हणजे प्लेटा अजून धरत होत्या. बंद पडलेल्या इंजिनाचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

"हाताला हुन्नर हाय तुमच्या," गॅरेजवाला म्हणाला.

"तुझ्या हाताला घाई हाय," मी म्हणालो आणि पाना परत दिला.

दुसऱ्या दिवशी भरल्या कॅननं घाट चढलो. काटा उघडायच्या आधी दारात. चेअरमन आल्यावर झाकण मीच उघडलं. "लावा नाक."

त्यांनी लावलं. कॅन काट्यावर घ्यायला सांगितलं. जीप आली नाही. पण आदल्या दिवशीचं दूध कुणाच्या दारात आंबलं, हे त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही आणि मी ते विसरलेलो नाही.

पुढं पाऊसकाळ बरा झाला आणि मी रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. एका दुपारी चेअरमन गाडी ढकलत आले.

"क्लच घसरतोय हो. जरा बघता का?"

"लाइनीत लावा."

लाइन नव्हती. त्यांचीच एक गाडी होती. तासभर त्यांना उन्हात उभं केलं, मग पाना घेतला. ढील मात्र नाण्याएवढीच ठेवली, केसभर कमी-जास्त नाही. माझा राग माणसावर आहे, गाडीवर नाही.