उघडं मूळ

दाताच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. सायकलवरून पडून तिचा पुढचा दात आतून मेला होता.

"काढूनच टाकायचा का?" तिच्या आईनं विचारलं.

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचं मूळ अजून वाढायचंय, टोक उघडं आहे. आतून साफ केलंय. आता मुद्दाम थोडं रक्त येऊ द्यायचं. त्याच्याच आधारानं मूळ वाढू शकतं."

मुलीनं आईचं बोट घट्ट धरलं.

मी माझ्या खुर्चीवर ऐकत राहिलो. बायको गेली त्या आठवड्यातच मी तिचं कपाट रिकामं केलं, पलंग देऊन टाकला, दिवसभर टीव्ही लावून ठेवू लागलो. सगळे म्हणाले, सावरला. पोकळी मी एक थेंबही न सांडता बुजवली होती. तेव्हा थोडं रक्त येऊ द्यायला हवं होतं का, कोण जाणे. या वयात मुळं मिटलेली असतात.

माझी दाढ निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्या जागी कापसाचा बोळा ठेवला.

"दाबून धरा काका. गरम काही घेऊ नका, चूळ भरू नका, आणि तासभर कोणाशी बोलू नका."

मी मान हलवली. पथ्यांतलं ते शेवटचं मला सोपं होतं.