पत्रिकेतल्या दोन ओळी

कुणी ‘जागा नाही’ म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. जागा असते. द्यायची नसते, एवढंच. जालन्यात लग्नपत्रिका जुळवता जुळवता मी हे शिकले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या छापखान्यातले खिळे गेले, कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढे मी बसले. मालकांना मी काका म्हणायची. त्यांचा जन्म शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला. पडद्यावर मी दोन शब्द जवळ ओढले की ते कळवळायचे. “श्वास घेऊ दे गं त्यांना,” म्हणायचे. लग्नसराईत कसला श्वास! आजी-माजी सरपंच, चेअरमन, समस्त ग्रामस्थ, सगळे एका पत्रिकेत कोंबायचे. एक जरी गळला, तरी मांडवात रुसवा ठरलेला.

एकदा केदारखेड्याहून मुलीचा चुलता प्रूफ बघायला आला. सोबत मुलीची आई होती. तिचा नवरा वारलेला. ती दाराजवळच्या बाकावर टेकली. प्रूफात डावीकडे वराच्या दोन ओळी होत्या, उजवीकडे वधूच्या दोन. वधूची बाजू वराच्या बाजूपेक्षा एका ओळीनंही लांबू द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीत. लांबली तर पाहुण्यांचा मान दुखावतो. वराकडे आईबाप, शिक्षण, एमआयडीसीतल्या कारखान्यातला हुद्दा, सगळं ऐसपैस मांडलेलं. वधूकडे कैलासवासी वडील आणि कैलासवासी आजोबा.

“माझं नाव न्हाई का त्यात?” आईनं हळूच विचारलं.

“वैनी, जागा कुठंय?” चुलता म्हणाला. “तिसरी ओळ झाली तं पाव्हणे काय म्हनतील? अन् दादाचं नाव हाय की बराबर.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही माझी आई नव्हती. तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

“बसतंय,” मी म्हणाले आणि वधूच्या ओळीतल्या शब्दांमधली जागा कमी केली. नाव बसलं, पण शब्द एकमेकांना चिकटले.

“हे काय? वाचाया येऊन न्हाई राह्यलं,” चुलता म्हणाला. “काढा ते नाव.”

“त्यांचं बरोबर आहे गं,” काकांनीही मान डोलावली.

मला दोघांचाही राग आला. एकट्या तिच्याच ओळीनं का अंग चोरायचं? मी वराच्या ओळी धरल्या. तिथल्या शब्दांमधून थोडी थोडी जागा काढली. त्या आखडल्या, तसा वराकडचा रकाना अरुंद झाला. मग मी मधली उभी रेघ सूतभर डावीकडे सरकवली आणि वधूचे शब्द सुटे केले. ओळी दोनच राहिल्या. श्रीमती लावून आईचं नाव स्वच्छ वाचता येऊ लागलं.

चुलत्यानं रेघ बरोबर हेरली. “पाव्हण्याची जागा काढून घेतली? बिलकुल चालनार न्हाई. मी दुसरीकडं छापून घेतो.”

“घ्या खुशाल,” मी म्हणाले. “माझ्या हातून मुलीच्या आईशिवाय पत्रिका निघणार नाही.”

लग्नसराईतलं गिऱ्हाईक मी दारातून परत पाठवत होते. काका आता मलाच घरी पाठवतील, असं वाटलं. ते चष्मा पुसत राहिले.

तेवढ्यात ती बाकावरून उठली, पदर सावरत पडद्यापाशी आली आणि तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं.

“इथंच छापायची, भाऊजी. पोरगी माझी हाय.”

चुलता काही बोलणार, तोच ती माझ्याकडे वळली. “पोरी, अजून थोडी जागा निघंल का गं?”

“कशाला?”

“सासूबाईचं नाव बी टाक. नात तिची बी हाय. धा जणीचं काम एकटी करून राह्यली ती या लग्नाचं.”

सासूबाई म्हणजे चुलत्याची सख्खी आई. तो बाकावर जाऊन टेकला.

काकांनी स्टूल ओढून माझ्या शेजारी घेतलं आणि चष्मा चढवला.

“दाब वराकडचे अजून थोडे,” ते म्हणाले. “मरत नाहीत.”