कशावरून सर

‘हो’ म्हणणं आमच्या सरांच्या अगदी जिवावर यायचं. रोह्याच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. कुणी सहज म्हटलं, “सर, आज उकडतंय फार,” की चष्मा वर सरकवून विचारायचे, “कशावरून?” त्यांचं खरं नाव मग कुणाच्या तोंडी राहिलंच नाही. रोह्यापासून पेणपर्यंत सगळ्यांचे ते कशावरून सर.

संशयवाद शिकवताना तर ते असे खुलायचे! ग्रीसमधले जुने संशयवादी म्हणत, मध गोड लागतो एवढंच म्हणा, गोड आहे असं म्हणू नका. निवाडा राखून ठेवला की मन शांत राहतं. ही माणसं रोज कासू स्टेशनवर भेटत असावीत, अशा थाटात सर त्यांच्याबद्दल बोलायचे. पुढे एका फ्रेंच पंडिताने सगळ्यावर शंका घेतली आणि ‘शंका घेणारा मी तरी आहेच’ इथे येऊन तो टेकला. सर म्हणायचे, “टेकला खरा, पण जरा घाईच केली.”

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. काकू कासूकडच्या, शेतकऱ्याघरच्या. मी माझ्या गावाहून, जोह्याहून, रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. वालाचं बिरडं ताटात पडलं की सर विचारायचे, “शिजलंय कशावरून?”

“चावून बघा की. शिजलं नाय तर दातच सांगतील.”

सर चावून बघायचे आणि आणखी वाढून घ्यायचे. मूलबाळ नव्हतं, या वादावादीनेच ते घर भरलेलं असायचं.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या सकाळी मी सोबत होतो. आत नेताना काकू म्हणाल्या, “येते हां.” आता सर नेहमीचा प्रश्न विचारणार, असं मला वाटलं. सरांनी त्यांचा हात धरला आणि चक्क त्यांच्याच बोलीत म्हणाले, “व्हय. ये.”

काकू आल्या नाहीत.

तेराव्यानंतर मी रामवाडीला सरांच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं. मी कडी लावायला वळलो.

“राहू दे,” सर म्हणाले. “ती येते म्हणाली होती.”

“सर, येते असं सगळेच म्हणतात. जाते म्हणू नये म्हणून. गेलेलं माणूस परत येत नाही.”

“आजवर आलं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्या उगवेलच असं सिद्ध होत नाही. स्कॉटलंडच्या त्या तत्त्वज्ञाची शंका. तू परीक्षेत लिहिली होतीस.”

लिहिली होती, आणि चांगले मार्कही मिळाले होते. त्या क्षणी मात्र मला त्या शंकेचा भयंकर राग आला. आयुष्यभर ज्याने कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला विश्वास ठेवायला एक निरोपाचा शब्द मिळावा!

दार तसंच राहिलं. शेजारच्या मावशी ओरडायच्या, “सर, कुत्री शिरतात वो घरात!” सर नुसते हसायचे.

यंदा गणपतीच्या आधी सरही गेले. त्यांना नेऊन आल्यावर घर बंद करायचं काम माझ्याकडे आलं. कडी गंजून घट्ट बसली होती, सरकता सरकेना. जोर लावला असता तर सरकली असती. मी उंबऱ्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो.