वुलानचं ‘आन्दा’

वुलान माझ्याशी भांडता भांडता फोन उचलायची आणि तिचा आवाज बदलायचा. सिंकमधल्या भांड्यांवरून तावातावाने ओरडणारी बाई क्षणात लाडिक व्हायची, केस मागे टाकून कॅमेऱ्याशी हसायची. व्हिडिओ संपला की, “हं, तर तुझा तो कुकर!” अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही वर्षभर रूममेट होतो आणि एकमेकींना एक दिवसही आवडलो नाही. भांडण इंग्रजीतून, त्यामुळे दोघीही एकमेकींना नुसतं ‘यू’.

ती इंडोनेशियातल्या तेगालची. ऑनलाइन मात्र जकार्ताची. जकार्ताची तरुण पोरं ‘मी-तू’ला ‘गुए-लो’ म्हणतात. तीही तसंच बोलायची, मध्ये मध्ये इंग्रजी पेरून. एकदा मी म्हटलं, “आईशी तर तू वेगळंच बोलतेस.”

ती उसळली. “चोरून ऐकतेस? तेगालचा हेल ऐकला की लोक हसतात. आमच्या सिरियलींमध्ये मोलकरणी तशा बोलतात. तुला काय कळणार!”

‘तुला काय कळणार’ हे तिचं पालुपद. मी नागपूरची. माझ्या ‘करून राहिले’ला पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी पोट धरून हसायच्या. पण ते तिला सांगावंसं मला कधी वाटलं नाही.

फेब्रुवारीत इथल्या इंडोनेशियन विद्यार्थ्यांच्या ग्रुपचं लाइव्ह चालू असताना तिच्या आईचा फोन आला. माइक बंद करायला ती विसरली आणि तो हेल सगळ्यांनी ऐकला. जकार्ताच्या दिमास नावाच्या मुलाने त्याची नक्कल करून क्लिप टाकली. खाली कॉमेंट्सचा पाऊस: “म्बाक, चहा आण.” “म्बाक, फरशी पूस.” म्बाक म्हणजे ताई. पण जकार्तात घरकामाच्या बाईलाही म्बाकच म्हणतात.

वुलानने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. ती रडत असेल असं मला वाटलं. रविवारी ती बाहेर आली, मेकअप न करता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि त्याच ग्रुपवर लाइव्ह गेली. आवाज बदलला नाही. आईशी बोलायची तसंच, सावकाश बोलली. मला एकच शब्द सारखा ऐकू येत होता: आन्दा.

“आन्दा म्हणजे काय?” मी नंतर विचारलं.

“आपण. बँकेच्या पत्रात असतं तसं. मित्राला आन्दा म्हटलं की मैत्री संपली.”

“आणि दिमासला काय म्हणालीस?”

“म्हटलं, माझी आई जकार्तात खरंच म्बाक होती. त्या पैशांवर मी शिकले. आपल्या घरी जी म्बाक आहे, तिचं नाव आपल्याला माहीत आहे का?”

“मग?”

“लाइव्ह सोडून पळाला.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. दिमासला कोणी काही बोललं नाही.

“बरं केलंस,” मी म्हटलं.

“तुझं सर्टिफिकेट मागितलं नव्हतं.”

मे महिन्यात तिला ओहायोत नोकरी लागली. निघताना काहीतरी करायला हवं म्हणून मी फोटोसाठी फोन वर धरला. ती शेजारी येऊन ताठ उभी राहिली. हसली नाही.

“स्वतःजवळ ठेव,” ती म्हणाली. “खाली ‘माय सिस्टर’ वगैरे लिहून टाकू नकोस. आपलं कधी पटलं नाही.”

“नाहीच पटलं,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली, बॅगा गाडीत टाकल्या आणि गेली. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही.