सव्वादोन इंच खाली

आई म्हणायची, हिला काळजी करायला काही मिळालं नाही, तर काहीच कसं मिळत नाही म्हणून ही काळजी करत बसेल. खरंच होतं ते. घरातून निघताना मी गॅस तीनदा बघते, कुलूप चारदा ओढते आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन गॅस बघायला परत येते. त्यामुळे नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला माझ्या गाडीची मागची स्प्रिंग तुटली, तेव्हा मी तीन आठवडे धड जेवले नाही, याचं माझ्या ओळखीच्या कुणालाच नवल वाटलं नाही.

गाडी म्हणजे मसल कार. अमेरिकेतल्या मसल कारची इंग्लंडातली गरीब चुलतबहीण म्हणा हवं तर. दोन दारं, लांबलचक बॉनेट, तीन लिटरचं इंजिन आणि चालू केली की शेजारच्या म्हातारीचा पडदा हलायचा. माझ्यासारखीने असली गाडी का घ्यावी? तर बाबांमुळे. बाबा भूल देणारे डॉक्टर. सत्तरच्या दशकात ते ज्युनियर असताना त्यांच्या कन्सल्टंटकडे, म्हणजे वरच्या डॉक्टरांकडे, अशीच गाडी होती, आणि ड्यूटी संपवून बसस्टॉपकडे जाताना बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून जायचे. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागल्यावर होती नव्हती ती शिल्लक घालून मी तसलीच एक घेतली. चौदा वर्षं वापरलेली.

त्यानंतर सहा महिन्यांत आई गेली. बाबा नुकते रिटायर झाले होते. ते घरात बसले ते बसलेच. पेपर, चहा, खिडकी. मित्रांचे फोन आले की मला खुणेने सांगायचे, नाही म्हण. पायात बूट घालायचे ते फक्त शनिवारी, कारण शनिवारी आम्ही माझ्या गाडीतून स्लाऊला भाजी आणायला जायचो. मेथी, कारली, कढीपत्ता. भाजी हे आपलं निमित्त. गाडीत बसले की बाबा बोलायचे. ऑपरेशन थिएटरमधल्या गोष्टी सांगायचे. उंच सर्जन आला की म्हणायचा, टेबल अप प्लीज. बुटका आला की टेबल डाऊन. आणि टेबल वर-खाली करायचं पेडल भूल देणाऱ्याच्या पायाशी. "माझं निम्मं आयुष्य पेडल मारण्यात गेलं," असं म्हणून स्वतःच हसायचे. आठवड्यातलं त्यांचं हसणं तेवढंच. हा शनिवार बंद पडला तर माणूस कायमचा त्या खिडकीत बसेल, ही माझी भीती होती, आणि ती उगाचची नव्हती.

म्हणून स्प्रिंग तुटल्यावर माझ्या जिवाला घोर लागला. गाडी मागून एका अंगाला कलली होती. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, तारीख दोन आठवड्यांवर, आणि अशा अवस्थेत ती पास होणं शक्यच नव्हतं. स्टेशनमागच्या गल्लीतला माझा गॅरेजवाला, साठीचा इंग्लिश माणूस, खाली वाकून बघून म्हणाला की बाकीच्या तीनही थकल्यात, चारही बदल. मूळ कंपनीच्या स्प्रिंगा बनायच्या बंद झाल्या होत्या. एका डीलरकडे शिल्लक होत्या, पण त्याने सांगितलेला भाव ऐकून मी फोन ठेवला. नाकापेक्षा मोती जड. ब्रेकर्स यार्डात भंगारातल्या गाड्यांच्या मिळाल्या असत्या, पण त्याही माझ्या गाडीइतक्याच जुन्या, उद्या त्या तुटल्या तर? स्वस्त आणि कोऱ्या अशा एकाच तऱ्हेच्या होत्या. लोअरिंग स्प्रिंगा. पोरं गाडी जमिनीला चिकटवायला बसवतात त्या.

गाडी खाली घ्यायची मला हौस नव्हती. पण मासिकांच्या मागच्या पानांवर त्यांच्याच जाहिराती असायच्या, आणि मी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती पानं पसरून बसायला लागले. पंचवीस एमएम खाली, चाळीस एमएम खाली, साठ एमएम खाली. आईच्या शिवणाच्या टेपने मी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजलं. मग रस्त्यावरच्या स्पीड बम्पची उंची मोजली, गुडघ्यावर बसून, भर रस्त्यात. कौन्सिलने आमच्या रस्त्यावर तीन बम्प घातले होते, तिन्ही वेगवेगळ्या उंचीचे. टायर कमानीला घासला तर? शॉक अॅब्सॉर्बर मूळचेच ठेवले तर छोटी स्प्रिंग आत सैल पडेल का? इन्शुरन्सवाल्यांना सांगायचं की नाही? सांगितलं तर हप्ता वाढणार, नाही सांगितलं तर मला झोप लागणार नाही. सांगितलं. हप्ता वाढला, आणि झोप नाहीतरी लागली नाहीच.

बाबा समोर बसून बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "स्प्रिंग ती की तो?"

"ती."

"शाबास. शाळेत होतीस तेव्हा तो गाडी म्हणायचीस."

मग पेपर थोडा खाली करून, "किती खाली जाणार गं?"

"तेच तर ठरवतेय, बाबा."

"म्हणजे सीटसुद्धा तेवढीच खाली?"

"अर्थात. गाडी खाली गेल्यावर सीट काय हवेत राहणार?"

"नाही, विचारलं आपलं," म्हणाले आणि पेपर वर केला. दुसऱ्या दिवशी परत तेच. साठ एमएम म्हणजे किती इंच? सव्वादोन, जरा वरच. आत्ता सीट जमिनीपासून किती आहे? मी टेप घेऊन बाहेर गेले, मोजून आले, आकडा सांगितला आणि मनात म्हटलं, यांना गाडी आवडेनाशी झालीय. आईशिवाय यांना काहीच आवडत नाही आता. चौथ्या दिवशी त्यांनी सीटचं पुन्हा विचारलं, तेव्हा मी फाडकन म्हणाले, "बाबा, तुम्हाला यायचं नसेल तर सरळ सांगा." त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी अशी चिडते. काळजी फार झाली की ती माझ्या तोंडातून राग होऊन बाहेर पडते. दोन महिन्यांपूर्वी असंच झालं होतं. आईचं वर्षश्राद्ध होतं. स्लाऊहून गुरुजी आले होते, मी हॉलमधलं टेबल हलवून पाट मांडला होता. बाबा आले आणि म्हणाले, मी खुर्चीत बसतो. गुरुजी म्हणाले, चालेल, काही हरकत नाही. मला मात्र चाललं नाही. चार माणसांसमोर मी त्यांना म्हणाले, "आईसाठी एक तास खाली बसवत नाही तुम्हाला?" बाबा खुर्चीत बसून राहिले, हातावर पाणी घेत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पाट दिवसभर तसाच रिकामा पडला होता आणि तो उचलताना मला पुन्हा राग आला होता.

तर स्प्रिंगा. गॅरेजवाल्याचा सल्ला होता चाळीसचा. पण चाळीसच्या संपल्या होत्या, नव्या यायला सहा आठवडे. पंचवीसच्या माझ्या गाडीसाठी ऑर्डर देऊन करून घ्यायच्या, म्हणजे भाव पुन्हा डीलरच्या घरात. साठचा एक सेट शिल्लक होता, कुणीतरी घेऊन फार कडक म्हणून परत केलेला, पेटी उघडलेली, आणि त्यामुळे जवळजवळ निम्म्या किमतीत. मी तीन वेळा फोन उचलला आणि ठेवला. एमओटी हुकली तर गाडी रस्त्यावर नाही, गाडी नाही तर शनिवार नाही. चौथ्यांदा मी साठच्या सांगून टाकल्या.

गॅरेजवाल्याने त्या बसवल्या, जोडीला छोटे शॉक अॅब्सॉर्बर कुठूनतरी वापरलेले मिळवून घातले. मी दोन तास तिथे उभी होते आणि त्याला सतरा प्रश्न विचारले. शेवटी त्याने मला चहाचा मग दिला, बहुधा माझं तोंड बंद करायला. एमओटी पास झाली. गाडी दिसत मात्र होती झकास, हे मान्य केलं पाहिजे. पण घरी आणताना पहिल्याच बम्पवर खालून असा खर्रकन आवाज आला की माझे दात शिवशिवले.

शनिवारी बाबा बूट घालून तयार होते. मला इतकं बरं वाटलं. दार उघडून ते सीटकडे क्षणभर बघत उभे राहिले, मग आधी पाठ वळवली, दाराची चौकट धरली आणि धप्पकन बसले. पाय हातांनी उचलून आत घेतले. मी इंजिनचा आवाज ऐकत होते, कुठे काही घासतंय का म्हणून. पाय हातांनी का उचलावे लागतात, हा प्रश्न मला पडला नाही.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आम्हाला खालून कळत होता, आणि दर खड्ड्याला मी मनात म्हणत होते, झालं, पुढच्या शनिवारी हे येत नाहीत. स्लाऊला दुकानासमोर गाडी लावली तर म्हणाले, "मी बसतो इथेच. तू घेऊन ये." आजवर कधी असं झालं नव्हतं, मेथीची जुडी ते स्वतः निवडायचे. मी दार आपटून गेले, हाताला लागेल ती भाजी घेतली, कढीपत्ता विसरले. परत येतानाही तेच. तोंड बंद, डावा हात मांडीवर दाबलेला.

घरासमोर गाडी थांबवली, पिशव्या आत नेऊन ठेवल्या, किटली लावली. बाबा आले नाहीत. मी बाहेर गेले. दार उघडं होतं, दोन्ही पाय बाहेर जमिनीवर होते आणि ते तसेच सीटवर बसले होते.

"आत येताय ना?"

"येतो. तू चहा कर."

"केला. चला."

त्यांनी चौकट धरली, जोर लावला, दोन इंच वर आले आणि परत बसले. चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उठवत नाहीये गं."

"काय होतंय?"

"हिप. डावं. दीड-दोन वर्षं झाली." मग जरा थांबून, "खुर्चीतून जमतं. खालून नाही जमत."

खालून नाही जमत. मी तिथेच उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाट होता.

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढून बघितलं. ते ओरडले नाहीत, पण श्वास आत घेतला तो इतका जोरात की मी घाबरून सोडून दिलं. शेजारी कुणी नव्हतं. अॅम्ब्युलन्स बोलवू का म्हटलं, तर नको म्हणाले, गाडीतून उतरता येत नाही म्हणून अॅम्ब्युलन्स बोलावलेला डॉक्टर व्हायचं नाहीये मला. मग मला आमच्या घराच्या गॅरेजमधला जॅक आठवला. चाकांवर सरकणारा, दांड्याने पंप करायचा. गाडी इतकी खाली होती की तो आत जेमतेम सरकला, वर बोटभर जागा राहिली. मी हँडब्रेक दोनदा ओढला, गिअर टाकला, पलीकडच्या चाकांना विटा लावल्या, विटा परत तपासल्या. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कल्पना केलेल्या अपघातांत बाबांना गाडीसकट जॅकवर चढवण्याचा अपघात नव्हता.

मी दांडा मारायला लागले. गाडी हळूहळू वर यायला लागली आणि तिच्याबरोबर सीट, आणि सीटबरोबर बाबा.

"आता?"

"नाही. टेबल थोडं वर."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, अगदी गंभीर चेहऱ्याने.

"आता?"

"अजून दोन पेडल." मी दोन मारले. "बस." त्यांनी एक हात चौकटीवर ठेवला, एक माझ्या खांद्यावर, आणि उभे राहिले. सहज नाही, पण उभे राहिले. "आता घे खाली. पेशंट उतरलाय."

गाडी खाली घेऊन मी त्यांना घेऊन दाराकडे निघाले. पंधरा पावलं असतील. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. मधेच मी थांबले.

"बाबा, आईच्या श्राद्धाला मी तुम्हाला बोलले. सगळ्यांसमोर. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू चिडली होतीस."

"म्हणून काय झालं?"

"चिडलीस की तू तासाभरात जेवून झोपतेस," बाबा म्हणाले. "काळजी लागली की झोपत नाहीस. आई गेल्यापासून तू किती कमी झोपतेस ते मला खालच्या खोलीत ऐकू येतं. म्हटलं, चिडू दे."

पंधरातली उरलेली पावलं आम्ही चाललो.

सोमवारी सकाळी मी ब्रेकर्स यार्डला फोन करून मूळच्या उंचीच्या जुन्या स्प्रिंगा सांगितल्या, उद्या तुटल्या तर तुटल्या. मग सर्जरीत, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन करून बाबांची अपॉइंटमेंट घेतली. ऑपरेशन, भूल, त्यांचं वय, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. पण मी अपॉइंटमेंट मुद्दाम मोठ्या आवाजात घेतली, रिसीव्हर आपटला आणि बाबांना ऐकू जाईल अशी बडबडले की डॉक्टर असून दोन वर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं.

"रागावलीस का?" बाबांनी खिडकीजवळून विचारलं.

"भयंकर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पेपर वर केला.